एम्बेडेड लिनक्सवर डीएसफायर ईव्ही२/ईव्ही३: लिबफ्रीफेअर पुरेल की वरचा थर स्वतः लिहावा?

सोल्डरगन (प्रश्न)

गेट-प्रवेशाच्या टर्मिनलसाठी कार्ड वाचणारा भाग लिहायचा आहे. सामान असं: रास्पबेरी पाय कंप्यूट मॉड्यूल ३+, बिल्डरूटची इमेज, आयटूसीवर पीएन५३२ (एनएफसी रीडर चिप), लिबएनएफसी १.८.० (रीडर चालवणारी लायब्ररी), लिबफ्रीफेअर ०.४.० (तिच्यावरची मायफेअर कार्डांची लायब्ररी), ओपनएसएसएल ३. कार्डं मायफेअर डीएसफायरची (एनएक्सपीची संपर्कविरहित कार्डं), काही ईव्ही२ आणि काही ईव्ही३ पिढीची. कार्ड भरून देणाऱ्यांची अट अशी: अॅप्लिकेशन एईएस-१२८ वर, प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी, एनएक्सपीच्या एएन१०९२२ या नोटप्रमाणे मास्टर किल्लीपासून काढलेली, आणि ३२ बाइटांची एक फाइल पूर्ण एन्क्रिप्टेड मोडमध्ये, ईव्ही२ सिक्युअर मेसेजिंगनेच वाचायची.

आत्ताची परिस्थिती (बाइट सगळे हेक्समध्ये):

१. एनएफसी-लिस्टला कार्ड नीट दिसतं. एटीक्यूए ०३ ४४, एसएके २०, एटीएस ७५ ७७ ८१ ०२ ८०.
२. कोऱ्या कार्डावर सगळे शून्य असलेली एईएस किल्ली घेऊन ऑथेंटिकेट केलं की ९१ एई (ऑथेंटिकेशन फसलं) येतं.
३. लिबफ्रीफेअरमध्ये ईव्ही२ ची ऑथेंटिकेशनची ७१ कमांड नाही. तिचा एए (जुन्या एईएस ऑथेंटिकेशनच्या) कमांडचा कोड उचलून फक्त कमांडचा बाइट बदलला. पहिली पायरी जाते, दुसऱ्या पायरीला पुन्हा ९१ एई.
४. आयटूसीवर अधूनमधून टाइमआउट. डब्याचं झाकण लावलं की यूआयडी (कार्डाचा क्रमांक) येतो, पण ऑथेंटिकेशन मध्येच तुटतं.

लिबफ्रीफेअरलाच ठिगळ लावावं, पीसीएससीवर (स्मार्टकार्ड रीडरचा सामान्य इंटरफेस) जावं, की एनएक्सपीची स्वतःची रीडर लायब्ररी घ्यावी? नीअर्डबद्दलही (लिनक्सची एनएफसी सेवा) वाचलं होतं. आणि मास्टर किल्ली बोर्डावर ठेवायची तरी कुठे?

---

कर्नलकाका

तुमच्या चार तक्रारी चार वेगवेगळ्या थरांतल्या आहेत. लायब्ररी बदलून त्यातली फार तर एक सुटेल. खालून वर येऊ.

आधी आयटूसी. कंप्यूट मॉड्यूल ३+ वर बीसीएम२८३७ आहे आणि त्या घराण्याच्या आयटूसी कंट्रोलरमध्ये क्लॉक स्ट्रेचिंगचा जुना हार्डवेअर दोष आहे. पीएन५३२ उत्तर तयार करताना घड्याळाची लाइन धरून ठेवतो. कंट्रोलरला ते नेमक्या नको त्या क्षणी लक्षात येत नाही आणि एखादा बिट सरकतो. मग लिबएनएफसीला चेकसम चुकलेली फ्रेम किंवा टाइमआउट दिसतो. बसचा वेग ५० किलोहर्ट्झवर आणला तर प्रमाण कमी होतं, जात नाही. आयटूसी-जीपीआयओ ओव्हरलेने सॉफ्टवेअरमधली बस केली तर स्ट्रेचिंग नीट पाळलं जातं. पण हाताशी यूआर्ट असेल तर सरळ तिथे जा.

या मॉड्यूलवर ब्लूटूथ नाही, त्यामुळे पूर्ण वाढीचा पीएल०११ यूआर्ट मोकळाच असतो. सीएमडीलाइनमधून सिरियल कन्सोल काढा आणि गेटी सेवा बंद करा. पीएन५३२ मॉड्यूलवरचे दोन्ही इंटरफेस-स्विच एचएसयूच्या (म्हणजे यूआर्टच्या) जागी आणा. बाजारात मिळणाऱ्या लाल बोर्डांवर तो ०-० असतो, आयटूसी १-० आणि एसपीआय ०-१. नंतर इटीसीतल्या एनएफसी फोल्डरमधल्या लिबएनएफसी.कॉन्फमध्ये कनेक्शन-स्ट्रिंग द्या: ड्रायव्हर पीएन५३२-यूआर्ट, डिव्हाइस टीटीवायएएमए०, वेग १,१५,२००. या वेगाला ६०-७० बाइटांच्या फ्रेमला सहा मिलिसेकंद लागतात. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला ते जाणवत नाही.

एसपीआयवर जायचं ठरवलंत तर एक लक्षात असू द्या: पीएन५३२ बाइटातला खालचा बिट आधी पाठवतो. लिबएनएफसी ते सॉफ्टवेअरमध्ये उलटवून घेते, पण लॉजिक अॅनलायझरवर पाहताना तिथलीही सेटिंग बदलावी लागते, नाहीतर सगळं बरोबर असून कचरा दिसतो.

आता झाकण. यूआयडी आला म्हणजे रेडिओ ठीक आहे, असा अर्थ काढू नका. यूआयडी द्यायला कार्डाला फारशी ऊर्जा लागत नाही. एईएसचं इंजिन चालू झालं की कार्ड जास्त ओढतं, आणि क्षेत्र कमजोर असेल तर चिप तिथेच रीसेट होते. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. डबा धातूचा असेल, किंवा अँटेनामागे बॅटरी वा ग्राउंड प्लेन असेल, तर मध्ये फेराइट शीट लावा आणि मॅचिंगचे कपॅसिटर डबा बंद असताना मोजून ठरवा. उघड्या बोर्डावर ट्यून केलेला अँटेना झाकणाखाली भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातो. पीएन५३२ चा ३.३ व्होल्टचा पुरवठाही तपासा. रेडिओ चालू होताना १०० मिलिअँपिअरच्या वर मागणी जाते. प्रोसेसरच्याच रेग्युलेटरमधून उरलासुरला करंट देत असाल तर स्कोपवर खड्डा दिसेल. मॉड्यूलजवळ १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका.

लिबएनएफसीच्या तीन सेटिंग्ज:

- अनंत-सिलेक्ट बंद ठेवा. चालू असेल तर कार्ड नसताना सिलेक्टचं फंक्शन परतच येत नाही आणि तुमचा वॉचडॉग उगाच बोर्ड रीसेट करतो.
- ईझी-फ्रेमिंग चालू ठेवा. बंद केलीत तर आयएसओ १४४४३-४ चे ब्लॉक, क्रमांक आणि वेळ वाढवून मागणारे संदेश हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.
- ट्रान्सीव्हच्या टाइमआउटला शून्य देऊ नका. शून्य म्हणजे कायमचं थांबणं, उणे एक म्हणजे लायब्ररीचा ठरीव वेळ. तुमच्या एटीएसमधला ८१ सांगतो की कार्डाची एका फ्रेमची प्रतीक्षा साधारण ७७ मिलिसेकंद आहे. वाचनासाठी ५०० मिलिसेकंद भरपूर झाले.

यूएसबीवरचा पीएन५३३ कुळातला रीडर पुढेमागे जोडलात, उदाहरणार्थ एसीआर१२२यू, तर कर्नलचं पीएन५३३-यूएसबी मॉड्यूल तो आधीच पकडून बसतं आणि लिबएनएफसीला डिव्हाइस बिझी दिसतं. मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये ते मॉड्यूल आणि एनएफसी नावाचं मॉड्यूल दोन्ही टाका. पीसीएससीडी (पीसीएससीचा डेमन) चालू असेल तर भांडण तिहेरी होतं. एका रीडरला एकच मालक.

नीअर्डचा नाद सोडा. तो टॅगवरचा एनडेफ मजकूर वाचायला बरा आहे. एकामागून एक एपीडीयू (कार्डाला द्यायच्या कमांड) पाठवून सेशन चालवायचं तर त्याचा उपयोग नाही.

---

बाइटखोर

हार्डवेअरचं काकांनी सांगितलंच. मी तुमच्या दोन ९१ एई बद्दल बोलतो. ती दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं. कोऱ्या डीएसफायरची मुख्य किल्ली एईएस नसते. ती १६ शून्य बाइटांची डेस प्रकारची असते. तिच्यावर एए किंवा ७१ चालणारच नाही. आधी ०ए किंवा १ए ने डेस ऑथेंटिकेशन करा, मग चेंज-कीने ती एईएस करा. किल्ली-क्रमांकाच्या बाइटमध्ये ८० घातलं की कार्डाची मुख्य किल्ली एईएस प्रकारची होते. लिबफ्रीफेअर हे सगळं व्यवस्थित करते, तेव्हा कार्ड भरण्याच्या टेबलावर ती वापरायला हरकत नाही. ओपनएसएसएल ३ सोबत बांधताना डेसची जुनी फंक्शन्स कालबाह्य असल्याच्या सूचना येतात. सूचनांना एरर मानणारा झेंडा बिल्डमध्ये असेल तर तेवढ्या पॅकेजपुरता काढा.

दुसरं. एए आणि ७१ दिसायला जुळ्या बहिणी, पण आयव्हीच्या (सीबीसी एन्क्रिप्शनच्या सुरुवातीच्या ब्लॉकच्या) बाबतीत वेगळ्या. एए मध्ये सीबीसीची साखळी चालू राहते: कार्डाकडून आलेला एन्क्रिप्टेड आरएनडीबी (कार्डाचे रँडम बाइट) हाच तुमच्या पुढच्या एन्क्रिप्शनचा आयव्ही. ७१ मध्ये दर वेळी आयव्ही शून्यापासून. जुना कोड उचलून फक्त कमांड बदलली की घोडं नेमकं इथे पेंड खातं.

पूर्ण क्रम असा:

१. अॅप्लिकेशन निवडा: ९० ५ए ०० ०० ०३, तीन बाइटांचा एआयडी, ००. एआयडी तारेवर खालचा बाइट आधी जातो.
२. ९० ७१ ०० ०० ०२ ०० ०० ०० पाठवा. पहिला ०० किल्ली-क्रमांक, दुसरा क्षमतेच्या बाइटांची लांबी. उत्तरात १६ बाइट आणि ९१ एएफ (म्हणजे अजून बाकी आहे).
३. ते १६ बाइट आयव्ही शून्य ठेवून उलगडा, हा आरएनडीबी. त्याला डावीकडे एक बाइट फिरवा. स्वतःचे १६ रँडम बाइट म्हणजे आरएनडीए. आरएनडीए आणि फिरवलेला आरएनडीबी जोडून, पुन्हा आयव्ही शून्य, एन्क्रिप्ट करा. ९० एएफ ०० ०० २०, ते ३२ बाइट, ००.
४. उत्तरात ३२ बाइट आणि ९१ ००. उलगडल्यावर पहिले ४ बाइट म्हणजे टीआय (या व्यवहाराची ओळख), पुढचे १६ फिरवलेला आरएनडीए, मग सहा-सहा बाइट क्षमतांचे. फिरवलेला आरएनडीए तुमच्याशी जुळतो का ते तपासाच. ही तपासणी गाळली तर कार्ड खरं आहे याचा पुरावाच उरत नाही, आणि कोड मात्र झकास चालतो.
५. सेशन किल्ल्या दोन: एक एन्क्रिप्शनची, एक मॅकची (मॅक म्हणजे संदेश बदललेला नाही हे दाखवणारी खूण). प्रत्येकीसाठी ३२ बाइटांचा मजकूर बनवा. पहिलीची सुरुवात ए५ ५ए ०० ०१ ०० ८०, दुसरीची ५ए ए५ ०० ०१ ०० ८०. पुढे दोन्हींना सारखंच: आरएनडीएचे पहिले २ बाइट; मग आरएनडीएचे पुढचे ६ आणि आरएनडीबीचे पहिले ६ यांचा एक्सॉर; मग आरएनडीबीचे उरलेले १०; मग आरएनडीएचे शेवटचे ८. कार्डाच्या किल्लीने सीमॅक (एईएसवरचा मॅक) काढा, निघालेले १६ बाइट ही सेशन किल्ली.

एनएक्सपीच्या कागदात बाइटांचे क्रमांक उलटे, डावीकडून १५ पासून खाली, लिहिलेले असतात. वरचा हिशोब मेमरीतल्या क्रमाने आहे. इथे गफलत झाली तर ऑथेंटिकेशन सुखरूप पार पडतं आणि पहिल्या वाचनाला ९१ १ई (मॅक जुळत नाही) येतं. तेव्हा १ई दिसला की आधी सेशन किल्ल्यांकडे बघा.

वाचताना मॅकचा मजकूर: कमांडचा बाइट, दोन बाइटांचा काउंटर (खालचा बाइट आधी), टीआय, मग हेडर म्हणजे फाइल क्रमांक, तीन बाइट ऑफसेट, तीन बाइट लांबी. सीमॅकच्या १६ पैकी आठच बाइट पाठवायचे, तेही पहिले आठ नव्हेत: शून्यापासून मोजले तर १, ३, ५ असे १५ पर्यंतचे. उत्तराच्या मॅकमध्ये कमांडच्या जागी स्टेटसचा ०० आणि काउंटर एकने वाढलेला. उत्तर उलगडायचा आयव्ही म्हणजे ५ए ए५, टीआय, वाढलेला काउंटर आणि आठ शून्यं, हे सगळं एन्क्रिप्शनच्या सेशन किल्लीने एकदा एन्क्रिप्ट करून. कमांडच्या दिशेने तोच आयव्ही ए५ ५ए ने सुरू होतो आणि काउंटर न वाढवलेला. पॅडिंग ८० आणि पुढे शून्यं. मजकूर १६ च्या पटीत असला तरी एक पूर्ण ब्लॉक वाढतो. म्हणजे तुमची ३२ बाइटांची फाइल ४८ बाइट एन्क्रिप्टेड अधिक ८ मॅक अशी ५६ बाइटांत येईल.

५६ हा आकडा सोयीचा आहे, कारण जुन्या फ्रेम-मर्यादेत एका उत्तरात ५९ बाइट मावतात. फाइल उद्या मोठी झाली तर ९१ एएफ येईल आणि पुढचे तुकडे ९० एएफ ने मागावे लागतील. काउंटर या तुकड्यांसाठी वाढत नाही, पूर्ण साखळीला एकदाच वाढतो. मॅकही सगळे तुकडे जोडून झाल्यावरच तपासायचा. लिहिताना पहिल्या फ्रेममध्ये ५२ बाइट आणि पुढच्यांत ५९.

कुठलीही एरर आली की कार्ड सेशन टाकून देतं. त्याच काउंटरवरून पुन्हा प्रयत्न करत बसू नका. ७१ पासून सुरू करा.

आता मूळ प्रश्न. हे सगळं सी मध्ये पाचएकशे ओळींत बसतं. लिबफ्रीफेअरच्या आत घुसवू नका. तिची रचना ईव्ही१ भोवती आहे, जिथे आयव्ही एका कमांडकडून पुढच्या कमांडकडे वाहत जातो, प्लेन मोडमध्येसुद्धा. दोन पद्धती एकाच स्टेट-स्ट्रक्चरमध्ये कोंबल्या की दोन्ही बिघडतात. वेगळा थर लिहा, त्याला खालून एकच फंक्शन द्या: बाइट पाठव, बाइट घे. ते आज लिबएनएफसीवर, उद्या पीसीएससीवर.

डीएसफायरची पूर्ण डेटाशीट करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही, पण एनटॅग ४२४ डीएनएची डेटाशीट आणि तिच्यासोबतची एएन१२१९६ खुली आहेत, आणि त्यात हीच पद्धत बाइटागणिक सोडवलेल्या उदाहरणांसह आहे. डीएसफायर लाइटची एएन१२३४३ सुद्धा. त्यातले आकडे जसेच्या तसे युनिट टेस्टमध्ये घाला. आरएनडीए बाहेरून देता येईल असं फंक्शन ठेवलंत तरच हे जमेल, म्हणून रँडमची सोय आत गाडू नका. एलआरपीची (दुसऱ्या एका एन्क्रिप्शन पद्धतीची) प्रकरणं ओलांडून पुढे जा, तुम्हाला लागणार नाहीत.

---

फर्मवेअर_फणस

वरच्याशी थोडा वाद घालतो. हातात उत्पादन आहे, छंद नाही. मग पीएन५३२ धरून का बसायचं? पीएन५१८० घ्या आणि एनएक्सपीची रीडर लायब्ररी लावा. तिच्यात ईव्ही२/ईव्ही३ चा थर तयार आहे, सॅमचाही (किल्ल्या आत जपणाऱ्या सुरक्षित चिपचा) आहे, आणि क्रिप्टोची जबाबदारी तुमच्या डोक्यावर राहत नाही. रेडिओही पीएन५३२ पेक्षा ताकदीचा, त्यामुळे झाकणाखालचा त्रास कमी.

अडचणी सांगतो म्हणजे नंतर बोल लागायला नको. डीएसफायरचं पूर्ण क्रिप्टो खुल्या डाउनलोडमध्ये नसतं. निर्यात-नियंत्रित आवृत्ती करार करून घ्यावी लागते, त्याला वेळ धरा. पीएन५१८० ला एसपीआयच्या चार तारांशिवाय बिझी आणि रीसेट या दोन लागतात. बिझी न बघता पुढची फ्रेम ढकलली की चिप गप्प बसते. लायब्ररीचा लिनक्स पोर्ट जीपीआयओसाठी सिसएफएस वापरतो आणि रास्पबेरीच्या ६.६ कर्नलपासून तिथले क्रमांक ५१२ पासून सुरू होतात. पिन २३ म्हणजे ५३५. नवीन काम असेल तर तेवढा भाग लिबजीपीआयओडीवर न्या.

---

बाइटखोर

करार करायला तयार असाल तर वाद नाही. पण त्या लायब्ररीचं ओझं बघा: ती मायक्रोकंट्रोलरसाठी घडवलेली आहे, लिनक्सवर ती बाहेरच्या पाहुण्यासारखीच वागते. एक फाइल वाचायची आहे आणि रीडर पुढे बदलण्याची शक्यता आहे, तर माझं मत पीसीएससीकडेच. यूएसबी सीसीआयडी रीडर (प्रमाणित पद्धतीचा स्मार्टकार्ड रीडर), पीसीएससी-लाइट, आणि वर तुमचा थर. एपीडीयू तेच, फक्त ट्रान्समिटचं फंक्शन बदलतं.

पीसीएससीवर एम्बेडेडमध्ये तीन जागी अडकायला होतं. पोलकिट नसलेल्या इमेजवर पीसीएससी-लाइट पोलकिटशिवाय बांधा, नाहीतर रूट सोडून कुणालाच परवानगी मिळत नाही. सॉकेट-अॅक्टिव्हेशनमुळे शेवटचा क्लायंट गेल्यावर डेमन थोड्या वेळाने बंद होतो आणि पुढचं कार्ड पहिल्याच खेपेला उशिरा दिसतं. टर्मिनलवर ऑटो-एक्झिट काढून टाका. आणि यूएसबी ऑटोसस्पेंड त्या पोर्टवर बंद ठेवा. तपासताना डेमन फोरग्राउंडमध्ये, डीबग आणि एपीडीयू हे दोन्ही पर्याय देऊन चालवा. सगळे बाइट समोर दिसतात. डीएसफायरचा एटीआर (पीसीएससीला दिसणारी कार्डाची ओळख) ३बी ८१ ८० ०१ ८० ८० असा यायला हवा.

कार्ड न लावता बिल्ड-सर्व्हरवर चाचणी घ्यायची असेल तर व्हीस्मार्टकार्ड प्रकल्पातला व्हीपीसीडी ड्रायव्हर बघा. तो पीसीएससीला खोटा रीडर दाखवतो आणि ३५९६३ पोर्टवर तुमच्या नकली कार्डाची वाट पाहतो. पायथनमध्ये दीडशे ओळींचं नकली कार्ड पुरतं.

---

सोल्डरगन

यूआर्टवर आणलं, टाइमआउट थांबले. आयव्ही शून्य केल्यावर ७१ ची दुसरी पायरीही गेली. डबा धातूचाच आहे, फेराइट मागवलं. आता दोन गोष्टी अडल्यात. एएन१०९२२ ने काढलेली किल्ली कार्ड देणाऱ्यांच्या नमुन्याशी जुळत नाही. मी यूआयडीचे ७ बाइट आणि एआयडीचे ३ घेऊन ओपनएसएसएलचा सीमॅक काढतो. आणि किल्ली ठेवण्याचा प्रश्न उरलाच. सध्या ती कॉन्फिग फाइलमध्ये आहे.

---

बाइटखोर

१० बाइट, पुढे ०१ लावला की ११. इथे सापळा आहे. साधा सीमॅक ११ बाइटांना १६ पर्यंत पॅड करून एकाच ब्लॉकवर चालतो. एएन१०९२२ मध्ये एईएस-१२८ साठी मजकूर नेहमी ३२ बाइटांपर्यंत न्यायचा असतो, म्हणजे दोन ब्लॉक. मजकूर १७ बाइट किंवा जास्त असेल तर दोन्ही उत्तरं सारखी येतात, म्हणून नोटमधल्या उदाहरणावर तुमचा कोड पास होतो आणि स्वतःच्या डेटावर नापास. सीमॅकचं तयार फंक्शन सोडा. दुसरी सबकी (सीमॅकच्या रीतीने मास्टर किल्लीपासून निघणारी उपकिल्ली) काढा, ०१ अधिक १० बाइट, ८०, आणि ३२ पर्यंत शून्यं. शेवटच्या १६ बाइटांना सबकीशी एक्सॉर, मग मास्टर किल्लीने सीबीसी, आयव्ही शून्य. शेवटचा ब्लॉक म्हणजे कार्डाची किल्ली. पूर्ण ३२ बाइटांचा मजकूर असेल, पॅडिंगच नसेल, तरच पहिली सबकी.

तरीही जुळलं नाही तर एआयडी उलटा करून पाहा. तारेवर तो खालचा बाइट आधी जातो, किल्ली काढताना कुणी कुठल्या क्रमाने घेतला हे ज्याने कार्ड भरलं त्यालाच ठाऊक. हे लेखी मागून घ्या.

आणि यूआयडी ४ बाइटांचा, ०८ ने सुरू होणारा, दर वेळी वेगळा येत असेल तर कार्डावर रँडम आयडी चालू आहे. मग खरा यूआयडी ५१ कमांडने, तोही ऑथेंटिकेशननंतरच मिळतो. त्यासाठी अॅप्लिकेशनमध्ये सगळ्या कार्डांना समान असलेली एक किल्ली ठेवावी लागते, जिला फाइल वाचायचा अधिकार नसेल.

---

तिजोरीवाला

किल्लीचं बोलू. कंप्यूट मॉड्यूल ३+ ला सिक्युअर बूट नाही. मास्टर किल्ली ईएमएमसीवर कुठल्याही फाइलमध्ये असली, एन्क्रिप्ट केलेली असली तरीही, टर्मिनल भिंतीवरून उचकटून नेणाऱ्याला ती मिळते, कारण ती उलगडणारी किल्लीही त्याच बोर्डावर आहे. एका टर्मिनलमधून मास्टर गेली की सगळी कार्डं गेली. प्रत्येक कार्डाला वेगळी किल्ली दिल्याचा सगळा फायदाच तिथे संपतो.

पहिला पर्याय सॅम. मायफेअर सॅम एव्ही३ हे सिमच्या आकाराचं कार्ड असतं; मास्टर किल्ली त्यात, किल्ली काढणंही त्यात. सर्वात सोपी जोडणी म्हणजे सॅमची खाच असलेला सीसीआयडी रीडर, जसा एसीआर१२५२यू. पीसीएससीला दोन रीडर दिसतात, एक संपर्कविरहित आणि एक सॅम. तुमचा प्रोग्राम मधला टपालवाला: सॅमला ८० ०ए ने ऑथेंटिकेट सुरू करायला सांगा, कार्डाचे १६ बाइट सॅमकडे, सॅमचे ३२ कार्डाकडे, कार्डाचं उत्तर पुन्हा सॅमकडे. पुढचा मॅक आणि उलगडणंही सॅमच करतो. जुना एव्ही२ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तुम्हाला ईव्ही२ ची पद्धत हवी आहे. सॅम ताब्यात आल्यावर त्याची स्वतःची मुख्य किल्ली बदलणं आणि मास्टर किल्लीची नोंद परत वाचता न येण्यासारखी करणं, ही दोन कामं टर्मिनल बसवण्यापूर्वी. आणि सॅम होस्ट-ऑथेंटिकेशनशिवाय चालेल असा ठेवला तर चोर तो काढून स्वतःच्या रीडरमध्ये घालेल. किल्ली निघणार नाही, पण कार्डं मात्र वाचली जातील.

दुसरा पर्याय स्वस्तातला: एटीईसीसी६०८. आयटूसीवरची छोटी चिप, तिच्यात एईएस-१२८ चा एकेक ब्लॉक एन्क्रिप्ट करण्याची सोय आहे. मास्टर किल्ली एका स्लॉटमध्ये लिहून स्लॉट कुलूपबंद करा. बाइटखोर यांनी सांगितलेली दोन ब्लॉकांची सीबीसी म्हणजे त्या चिपला एईएसच्या तीन हाका: एक सबकीसाठी, दोन ब्लॉकांच्या. बाहेर येते ती फक्त समोरच्या एका कार्डाची किल्ली. रॅममधून ती चोरली तरी नुकसान एका कार्डापुरतं. सेशन पुढे ओपनएसएसएलनेच चालवा आणि काम झालं की बफर पुसा, पण साध्या मेमसेटने नको. कंपायलर तो उडवून टाकतो. ओपनएसएसएलचं क्लीन्स फंक्शन वापरा. चिप उचकटून नेली तर चोर तिलाच हव्या त्या कार्डासाठी किल्ली काढून मागू शकतो. म्हणून ती इपॉक्सीखाली ठेवा आणि डबा उघडल्याचा स्विच सर्व्हरला कळवू द्या. सॅमइतकं हे भक्कम नाही, कॉन्फिग फाइलच्या मानाने खूपच बरं.

आयटूसीचा तो क्लॉक स्ट्रेचिंगचा दोष या चिपला बाधत नाही, ती घड्याळ धरून ठेवत नाही. काम चालू असेपर्यंत पत्त्याला नकार देते. लायब्ररी पुन्हा विचारत राहते.

---

फर्मवेअर_फणस

अजून एक, कारण ईव्ही२/ईव्ही३ म्हटलं की विक्रेते हे हमखास पुढे करतात: प्रॉक्सिमिटी चेक. दुरून कार्डाचं संभाषण पुढे पाठवणाऱ्या रिले हल्ल्याला ते उत्तर आहे, पण त्याचा सगळा जोर कार्डाने किती वेळात उत्तर दिलं हे मोजण्यावर. यूआर्टवरच्या पीएन५३२ ने आणि लिनक्सच्या युजरस्पेसमधून ते मोजायचं म्हणजे शेड्युलरचाच उशीर मोजल्यासारखं होईल. मर्यादा इतकी सैल ठेवावी लागेल की रिले सहज मावेल. हवंच असेल तर वेळ स्वतः मोजणारी रीडर चिप घ्या. नसेल तर अटींच्या यादीतून काढा, नुसती कमांड पाठवून टिक मारू नका.

कार्ड अस्सल आहे का ते भरतानाच बघा. गेट-व्हर्जनच्या पहिल्या उत्तरात चौथा बाइट ईव्ही१ ला ०१, ईव्ही२ ला १२, ईव्ही३ ला ३३. हा बाइट नकली कार्डंही दाखवतात, म्हणून ३सी कमांडने ५६ बाइटांची सही मागवा आणि एनएक्सपीच्या सार्वजनिक किल्लीने तपासा. वक्र एसईसीपी२२४आर१ आहे, ओपनएसएसएलमध्ये असतो. काही डिस्ट्रोंच्या ओपनएसएसएलमधून हा वक्र वगळलेला असतो, तेव्हा भरण्याच्या मशीनवर आधी वक्रांची यादी काढून बघा.